सुईचे टोक आणि डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचे क्षयरोग्यांचे मोठे रुग्णालय होते. स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधापूर्वीचा तो काळ. तेथे दाखल झालेल्यांपैकी अनेकजण घरी परतत नसत. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयरोगाच्या सल्लागार म्हणून तेथे जाणाऱ्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांना एका गोष्टीचे नवल वाटले. फुप्फुसे पोखरली गेलेली ही माणसे खोकल्याविषयी आणि तापाविषयी सांगत, परंतु कळवळून बोलत ती खांद्याविषयी. कुशीवर निजता येत नाही, हात डोक्यापर्यंत जात नाही, दंडातून कळा निघतात, अशी त्यांची तक्रार असे. क्षयाच्या डॉक्टरांच्या मते या वेदनेचे मूळ फुप्फुसात होते. शहरातील हृदयरोग्यांकडेही ट्रॅव्हेल यांना नेमकी हीच तक्रार ऐकू येई, आणि तेथे तिचे मूळ हृदयात सांगितले जाई. दुखणे तेच असताना प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या अवयवाचे नाव त्याला देत होता. स्नायूला हात लावून पाहण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती.

ट्रॅव्हेल यांनी हात लावून पाहिले. पाठीच्या फऱ्याभोवतीच्या मांसात बोटे रुतवताच काही ठिकाणी दोरीसारखा ताठ पट्टा लागे, आणि त्या पट्ट्यातील एखाद्या बिंदूवर दाब दिला की रुग्ण दचकून उठे. विशेष असे, की कळ दाबलेल्या जागी न थांबता थेट दंडात वा मनगटापर्यंत जाई आणि रुग्णाला रोज छळणारी वेदना हीच, अशी तिची ओळख पटे. त्याच सुमारास त्यांचा स्वतःचा खांदाही दुखू लागला होता. आपल्याच पाठीवर चाचपताना तोच अनुभव आला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. आज भारतातील अनेक शहरांच्या फिजिओथेरपी केंद्रांत ड्राय नीडलिंग या नावाने जो उपचार मिळतो, त्याच्या इतिहासात या चाचपणीला मोठे स्थान आहे.

जॅनेट ग्रॅम ट्रॅव्हेल यांचा जन्म १७ डिसेंबर १९०१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील डॉ. जॉन विलार्ड ट्रॅव्हेल हे वीज, उष्णता, हस्तोपचार अशा भौतिक साधनांनी दुखणी बरी करण्यात रस असलेले वैद्य होते. त्यांच्या दोन्ही मुली डॉक्टर झाल्या. धाकट्या जॅनेट १९२२ मध्ये वेलस्ली महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि १९२६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून वर्गात पहिल्या आल्या. वैद्यकीय वर्गात मुली मोजक्याच असण्याचे ते दिवस. न्यूयॉर्क हॉस्पिटलमधील उमेदवारीच्या काळात त्यांनी रुग्णवाहिकेवरही काम केले. १९२९ मध्ये जॉन पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे दोन मुली झाल्या, पण व्यवसायात त्यांनी माहेरचेच नाव ठेवले.

त्यांच्या पुढील आयुष्यातील एक विसंगती समजून घ्यायची, तर त्यांचा मूळ विषय ध्यानात ठेवावा लागतो. त्या औषधशास्त्राच्या अध्यापक होत्या. बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांवर डिजिटॅलिसच्या परिणामाचा अभ्यास केला, आणि नंतर कॉर्नेलमध्ये अनेक वर्षे औषधांच्या मात्रा व त्यांचे परिणाम शिकवले. गुण येतो तो औषधाने, आणि किती गुण आला हे मात्रेवरून मोजता येते, ही या शास्त्राची पायाभूत समजूत. अशा शिस्तीत घडलेल्या बाईंच्या हातून पुढे जी उपचारपद्धती रुजली, तिच्यात औषधाचा थेंबही नसतो.

स्नायूतील वेदना दुसरीकडे जाणवते, हे सांगणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. इंग्लंडमध्ये जोनास केलग्रेन यांनी १९३८ मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र मिठाचे पाणी टोचून त्या वेदनेचे मार्ग नोंदवले होते. जर्मन वैद्यकात स्नायूंच्या गाठींवर एकोणिसाव्या शतकापासून लिहिले जात होते. आपल्याकडची उसण तर शास्त्राच्या फार आधीची. ती भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याचा उपाय मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ट्रॅव्हेल यांचे वेगळेपण चिकाटीत होते. एकेक स्नायू घेऊन त्यातील बिंदू कोठे आहे आणि त्याची कळ कोठे जाते, हे त्यांनी शेकडो रुग्णांवर पडताळले व त्याचे नकाशे काढले. अशा बिंदूला ट्रिगर पॉइंट हे नाव त्यांनीच रुळवले. बंदुकीचा चाप एका जागी ओढावा आणि गोळी दुसरीकडे लागावी, तसा हा प्रकार.

हे नकाशे चमत्कारिक वाटतात, पण दुखणे अंगावर काढलेल्याला ते लगेच पटतात. मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या स्नायूतील बिंदू कानशिलात ठणका उठवतो, आणि माणूस डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतो. फऱ्यावरील स्नायूचा बिंदू खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतो, जिथे शेकून काहीच साधत नाही. कुल्ल्यातील एका लहान स्नायूची कळ पायाच्या बाहेरच्या अंगाने घोट्यापर्यंत जाते आणि सायटिका समजली जाते. पोटरीतील बिंदू टाच दुखवतो. छातीच्या स्नायूंची वेदना तर हुबेहूब हृदयविकारासारखी. १९४०च्या दशकात सेमूर रिन्झलर या सहकाऱ्याबरोबर ट्रॅव्हेल यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांच्या छातीतील अशा बिंदूंवर उपचार केले, आणि हृदय जसे होते तसेच असूनही अनेकांची वेदना निवली. यात धोकाही होता. छातीतली प्रत्येक कळ स्नायूची मानली, तर खरा झटका निसटायचा. त्या मूळच्या हृदयरोगाच्या अभ्यासक असल्याने हे भान त्यांना होते.

उपचार म्हणून त्या प्रोकेन वापरत. दंतवैद्य हिरडी बधिर करण्यासाठी वापरत तेच हे औषध. पोकळ सुईने बिंदू गाठून तेथे प्रोकेनचा सौम्य द्राव सोडायचा आणि लगोलग तो स्नायू पूर्ण लांबीपर्यंत ताणायचा, अशी पद्धत होती. १९४२ मध्ये या अनुभवावरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. प्रोकेनचा बधिरपणा तासाभरात ओसरतो, गुण मात्र काही रुग्णांत आठवडे, महिने टिकत होता. औषधशास्त्राच्या अध्यापकाला हे कोडे पडणे अटळ होते.

कोड्याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी पुढे येत होते. १९४१ मध्ये ब्रॅव्ह आणि सिग्मंड या दोन अमेरिकन डॉक्टरांनी कंबरदुखीच्या रुग्णांना कोणाला बधिरीचे औषध, कोणाला खारे पाणी टोचले आणि काहींच्या बाबतीत नुसतीच सुई घातली. नुसत्या सुईनेही आराम पडत होता. १९४७ मध्ये पॉलेट यांनी लॅन्सेटमध्ये कंबरदुखीवर लिहिताना अशा कोरड्या सुईचा उल्लेख केला. ट्रॅव्हेल यांच्या स्वतःच्या हातालाही हे कळत होते. सुईचे टोक नेमके बिंदूत शिरले, की तो ताठ पट्टा क्षणभर फडफडतो, मासा गळाला लागावा तसा. ही फडफड झाली की गुण येण्याची शक्यता अधिक. टोक शेजारून गेले, तर प्रोकेन कितीही ओता, उपयोग बेताचाच. असे असूनही त्यांनी प्रोकेन सोडले नाही. त्याचे व्यवहारी कारण होते. कोरडी सुई घातल्यानंतर ती जागा एखाद-दोन दिवस ठणकते आणि प्रोकेनने तो ठणका कमी होतो. रुग्णाला शक्य तितके कमी दुखवायचे हा त्यांचा कटाक्ष होता. इंजेक्शन का दुखते, या एकाच प्रश्नावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला आहे. सुईची धास्ती घेणाऱ्यांसाठी त्या एथिल क्लोराइडचा गार फवारा त्वचेवर मारून स्नायू ताणत. मुरगळलेल्या सांध्यांसाठी ही युक्ती वापरणारे डॉ. हान्स क्राउस हे न्यूयॉर्कमधील ऑस्ट्रियन वैद्य आणि नावाजलेले गिर्यारोहक. त्यांचे नाव पुढे वेगळ्याच संदर्भात येते.

१९५५च्या मे महिन्यात सोळाव्या रस्त्यावरील त्यांच्या दवाखान्यात कुबड्या घेतलेला एक सडपातळ रुग्ण आला. दवाखाना रस्त्यापासून काही पायऱ्या खाली होता आणि तेवढ्या पायऱ्या उतरणेही त्याला जड जात होते. तो मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर जॉन केनेडी. आदल्या ऑक्टोबरात मणक्यावर मोठी शस्त्रक्रिया झालेली, त्यात जंतुसंसर्ग होऊन तो मरणाच्या दारातून परतलेला, आणि फेब्रुवारीत दुसरी शस्त्रक्रिया करून आधीची धातूची पट्टी काढून टाकलेली. शस्त्रवैद्यांनी मणक्यावर हात आजमावला होता. ट्रॅव्हेल यांनी स्नायूंपासून सुरुवात केली. कंबरेतील व पायातील बिंदूंवर प्रोकेन दिले. डावा पाय किंचित आखूड असल्याचे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा डाव्या बुटाच्या टाचेत भर घातली. त्यांच्या दवाखान्यातील झुलती खुर्ची त्याला मानवली, आणि तशी खुर्ची पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची ओळखच बनली. माणूस कसा बसतो याचा त्यांना विलक्षण ध्यास होता. वाईट खुर्ची हा त्यांच्या लेखी रोगाचा कारक होता.

केनेडी उभे राहिले, निवडणुका लढले. त्याबद्दलची त्यांची कृतज्ञता खरी होती. पण याच नात्याने ट्रॅव्हेल यांच्या चरित्रावर एक डागही ठेवला. केनेडींना अॅड्रिनल ग्रंथींचा गंभीर आजार होता. १९६०च्या उमेदवारीच्या लढतीत प्रतिस्पर्ध्यांनी तो विषय काढला, तेव्हा ट्रॅव्हेल आणि डॉ. यूजीन कोहेन यांच्या सहीने केनेडींच्या उत्तम प्रकृतीची ग्वाही देणारे पत्र पुढे आले. त्यातील शब्द जपून निवडलेले होते, मतदाराचा समज मात्र व्हायचा तोच झाला. रुग्णाचे गुपित राखणे आणि जनतेला अंधारात ठेवणे यांतील रेषा येथे पुसली गेली, असे म्हणावे लागते. ज्या वैद्याने दुर्लक्षित वेदनेला शब्द दिले, त्याच वैद्याच्या सहीने येथे एक आजार झाकला गेला.

जानेवारी १९६१ मध्ये केनेडींनी त्यांची व्हाइट हाउसच्या वैद्यपदी नेमणूक केली. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. वय ५९. वृत्तपत्रांनी कौतुक केले. त्याच वर्षी मे महिन्यात ओटावा येथे वृक्षारोपणाच्या समारंभात फावडे चालवताना केनेडींची पाठ पुन्हा धरली. जूनमध्ये व्हिएन्नात ख्रुश्चेव्ह यांच्याशी बोलणी झाली ती वेदना सोसतच, आणि परतल्यावर कुबड्या हाती आल्या. ट्रॅव्हेल यांनी प्रोकेन वाढवले. दिवसातून दोन-तीनदा इंजेक्शने होऊ लागली. येथे त्यांचे चुकलेच. बिंदू मोकळा करून स्नायू ताणायचा व कामाला लावायचा, हा त्यांचाच सिद्धान्त होता. त्याऐवजी वेदना तासातासाने बधिर करण्याचा प्रकार सुरू झाला आणि स्नायू अधिकाधिक दुबळे होत गेले. राष्ट्राध्यक्षाला विश्रांती घ्या, व्यायाम करा असे सांगणे सोपे नसते, ही त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. तरी त्यामागची भूल क्षम्य ठरत नाही.

व्हाइट हाउसमधील नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कली यांनी आणि कोहेन यांनी बाहेरचा तज्ज्ञ आणण्याचा आग्रह धरला. ऑक्टोबर १९६१ मध्ये आले ते हान्स क्राउस. वर्षानुवर्षांचा परिचित, ज्याच्या फवाऱ्याची युक्ती ट्रॅव्हेल यांनी उचलली होती, तोच आता त्यांची सुई काढून घेणार होता. इंजेक्शने पूर्ण बंद झाली तरच आपण उपचार करू, ही त्यांची अट होती. आठवड्यातून अनेकदा व्यायाम सुरू झाला आणि काही महिन्यांत पाठीत बळ आले. ट्रॅव्हेल यांचे पद कागदोपत्री राहिले, अधिकार बर्कलींकडे गेले. त्यांना जाहीरपणे दूर करणे सोयीचे नव्हते, कारण त्यांना बरेच ठाऊक होते. हा अपमान त्यांनी निमूट गिळला. केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी त्यांना ठेवून घेतले आणि १९६५ मध्ये त्या त्या जागेवरून दूर झाल्या.

सामान्य हिशेबात चरित्र येथे संपायला हरकत नव्हती. वय ६३, कीर्ती पदरात, १९६८ मध्ये आत्मचरित्रही लिहून झाले. परंतु ज्या कामासाठी त्यांचे नाव आज घेतले जाते, ते पुढेच होते. १९६०च्या दशकात टेक्सासमधील हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत त्यांनी व्याख्यान दिले. श्रोत्यांत डेव्हिड सायमन्स नावाचे डॉक्टर होते. १९५७ मध्ये फुग्याला टांगलेल्या बंद कुपीत बसून हा गृहस्थ सुमारे ३० किलोमीटर उंचीवर जाऊन आला होता. आकाशातून उतरलेल्या या माणसाने उरलेले आयुष्य स्नायूंना वाहिले. ट्रॅव्हेल यांच्या हातात कला होती, सायमन्स यांच्याकडे मोजमापाची शिस्त. दोघांनी मिळून स्नायूजन्य वेदनेवर ट्रिगर पॉइंटची नियमपुस्तिका लिहिली. शरीराच्या वरच्या अर्ध्या भागाचा पहिला खंड १९८३ मध्ये आला, तेव्हा ट्रॅव्हेल ८१ वर्षांच्या होत्या. खालच्या भागाचा दुसरा खंड १९९२ मध्ये आला, तेव्हा ९०. स्नायूमागून स्नायू, त्यातील बिंदू, लाल रंगात दाखवलेले वेदनेचे क्षेत्र, बसण्या-निजण्याच्या सवयींतील कारणे आणि उपचार असा त्याचा ऐवज. फिजिओथेरपिस्टांनी हे ग्रंथ डॉक्टरांपेक्षाही अधिक आपुलकीने वापरले. स्नायूला रोज हात लावणारे तेच होते.

दरम्यान सुईतून औषध निघून गेले होते. प्रागचे कॅरेल लेविट यांनी १९७९ मध्ये २४१ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी ३१२ जागी कोरडी सुई घातली होती आणि ८६.८ टक्के जागी वेदना तत्काळ थांबली होती. नेमक्या जागी नेमके टोक, हेच त्यांच्या मते यशाचे मर्म होते. तुलनेचा दुसरा गट नसल्याने या आकड्याला मर्यादा आहेत, पण परिणाम मोठा झाला. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील फ्रॉस्ट यांच्या गटाने रुग्ण व डॉक्टर दोघांनाही न कळता काहींना बधिरीचे औषध व काहींना नुसते खारे पाणी टोचले. खाऱ्या पाण्याचा गट मागे पडला नाही, उलट किंचित पुढेच राहिला. कॅनडात चॅन गन यांनी बारीक भरीव सुया वापरून स्वतःची पद्धत उभी केली. औषध नको तर पोकळ सुई तरी कशाला, हा त्यामागचा सरळ विचार. केसापेक्षा थोडी जाड, लवचीक अशी ही सुई शिरताना फारसे दुखत नाही, आणि औषध नसल्याने ती डॉक्टरांखेरीज इतरांच्याही हाती देता आली. अमेरिकेत १९८०च्या दशकात मेरिलँड राज्याने फिजिओथेरपिस्टांना ही मुभा प्रथम दिली.

त्याबरोबर भांडणेही आली. अॅक्युपंक्चर करणाऱ्यांना ही आपल्या विद्येची उसनवारी वाटते. उत्तर असे दिले जाते, की येथे मेरिडियन नाहीत, शरीररचना आहे. सुई मात्र त्यांचीच, हे नाकारता येत नाही. छातीच्या वरच्या भागात अननुभवी हाताने खोल घातलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते, हा धोका दुर्मिळ असला तरी खरा आहे. त्याहून मूलभूत प्रश्न बिंदूंच्या अस्तित्वाचाच. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत रुग्ण कोणत्या आजाराचा हे न सांगता तज्ज्ञांना बिंदू शोधायला लावले, तर त्यांचे आपसांत एकमत होईना. त्या तज्ज्ञांत स्वतः सायमन्सही होते, आणि तो निष्कर्ष त्यांनी सहलेखक म्हणून आपल्या नावानिशी छापू दिला. १९९३ मध्ये हबर्ड आणि बर्कॉफ यांनी बिंदूच्या ठिकाणी सूक्ष्म सुईच्या साहाय्याने विद्युत हालचाल नोंदवली. शेजारच्या निरोगी भागात ती नव्हती. वाद तरीही मिटला नाही. त्यातून एक व्यवहारी शहाणपण मात्र रुजले. सुईने वाट मोकळी होते, पण पुढे ताण आणि व्यायाम नसेल तर गाठ परत येते. व्हाइट हाउसमध्ये ट्रॅव्हेल यांना महागात पडलेला धडा आज फिजिओथेरपीच्या वर्गात शिकवला जातो. क्राउस यांचे नाव तेथे क्वचितच निघते.

जॅनेट ट्रॅव्हेल यांचे १ ऑगस्ट १९९७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे राहत्या घरी हृदयक्रिया क्षीण होऊन निधन झाले. वय ९५. १९९९ मध्ये सायमन्स दांपत्याने पहिल्या खंडाची सुधारलेली आवृत्ती काढली, तीवर ट्रॅव्हेल यांचे नाव कायम होते. आणखी दोन वर्षांनी माइक कमिंग्स व एड्रियन व्हाइट यांनी सुईच्या उपचारांवरील २३ चाचण्या एकत्र ठेवून तपासल्या. टोचलेल्या द्रवाने गुणात फरक पडल्याचे त्यांना कोठेच दिसले नाही. कोरडी सुईही तितकीच उपयोगी ठरत होती. परंतु सुईचा गुण मनाच्या समजुतीपलीकडचा आहे, हे सिद्ध करण्याइतका पुरावा त्या चाचण्यांत नव्हता आणि त्यासाठी चांगल्या चाचण्यांची गरज आहे, असेही त्यांनी त्याच लेखात नमूद केले.